रक्ताचा नमुना धुण्याची गोष्ट : एका गाजलेल्या कॅन्सर चाचणीचा धडा

‘रक्ताच्या एका थेंबावरून कॅन्सर ओळखणारी चाचणी आली’ अशी बातमी तुम्ही कधी ना कधी व्हॉट्सॲपवर वाचली असेल. अशा बातमीत यंत्राचं कौतुक भरपूर असतं. पण यंत्रात जाण्याआधी त्या रक्तावर काय प्रक्रिया होते, हे सहसा कोणी सांगत नाही. चाचणीचा भरवसा बराचसा तिथेच ठरतो. आज त्याचाच इतिहास पाहू.

रेणूंचा तराजू

मास स्पेक्ट्रोमीटर हा रेणूंचा तराजू आहे. रेणूला विद्युतभार द्यायचा, त्याला हवेत उडवायचं आणि त्याच्या वागण्यावरून वजन काढायचं, असं त्याचं काम. लहान रेणूंसाठी हे तंत्र फार पूर्वीपासून वापरात होतं. प्रथिनांचे रेणू मात्र मोठे आणि नाजूक असतात, ते उडवायला गेलं की तुटायचे. १९८०च्या दशकात दोन वाटा सापडल्या. अमेरिकेत जॉन फेन यांनी प्रथिनांच्या द्रावणाचा विद्युतभारित, अगदी बारीक फवारा केला. जपानमध्ये कोइची तानाका यांनी लेझरचा उपयोग केला. २००२ साली दोघांनाही रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

तरी एक अडचण उरलीच. रक्तात क्षार असतात, चरबी असते. रक्ताच्या द्रावातल्या प्रथिनांपैकी निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या अल्ब्युमिनचा असतो. या गर्दीत आजाराची खूण सांगणारं एखादं प्रथिन म्हणजे भर बाजारातली कुजबुज. क्षार जास्त असले तर ती कुजबुज पूर्णच दबते. म्हणून नमुना आधी स्वच्छ करावा लागतो.

तेलकट भांड्याची युक्ती

तेलाचं भांडं नुसत्या पाण्याने धुतलं तर काय होतं? मीठ निघून जातं, तेल चिकटून राहतं. तेल काढायला वेगळं काहीतरी लागतं. ‘सॉलिड फेज एक्स्ट्रॅक्शन’ या पद्धतीचं मर्म हेच आहे. एका छोट्या नळीत तेलकट लेप दिलेले बारीक कण भरलेले असतात. नमुना त्यातून सोडला, की प्रथिनांचे तुकडे कणांना चिकटतात. मग पाण्याने क्षार धुऊन काढायचे आणि शेवटी योग्य द्रावक घालून प्रथिनांचे तुकडे सोडवून घ्यायचे.

कल्पनेचं मूळ जुनं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वॉर्सामध्ये काम करणाऱ्या मिखाईल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानांचा रस खडूच्या भुकटीतून झिरपवला आणि त्यातले रंग वेगळे केले. १९७८ साली वॉटर्स कंपनीने ‘सेप-पॅक’ नावाच्या तयार नळ्या बाजारात आणल्या. २००३ साली तर संशोधकांनी पिपेटच्या टोकात अशा पदार्थाची लहानशी चकती बसवून तेच काम करून दाखवलं.

२००२ : मोठी आशा

अंडाशयाचा कॅन्सर बहुतेक वेळा उशिरा कळतो. म्हणून फेब्रुवारी २००२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका शोधनिबंधाने खळबळ उडाली. या संशोधनात रक्ताचा द्राव एका खास चकतीवर ठेवला. काही प्रथिनं तिला चिकटली, बाकीची धुऊन टाकली आणि उरलेल्यांची वजनं लेझरने मोजली. म्हणजे इथे चकतीच चाळणीचं काम करत होती. संगणकाने त्या वजनांची नक्षी पाहिली आणि कॅन्सरचे ५० पैकी ५० नमुने ओळखले. कॅन्सर नसलेल्या ६६ पैकी ६३ नमुनेही बरोबर सांगितले.

मग ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमधल्या कीथ बॅगर्ली आणि सहकाऱ्यांनी सार्वजनिक केलेली मूळ माहिती पुन्हा तपासली. २००४ साली त्यांनी लिहिलं, की एका प्रयोगातली नक्षी दुसऱ्या प्रयोगात टिकत नाही. दिसणारा फरक कॅन्सरमुळे नसून नमुने हाताळण्याच्या पद्धतीमुळे पडलेला असू शकतो. मूळ संशोधकांनी ही टीका मान्य केली नाही. पण त्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीएने या चाचणीला आधी आमची परवानगी लागेल असं बजावलं, आणि ती बाजारात आलीच नाही.

साधा हिशेब

हाताळणी निर्दोष होती असं धरलं, तरी प्रश्न उरतो. समजा, २५०० स्त्रियांमध्ये एकीला हा कॅन्सर आहे. चाचणी १०० निरोगी स्त्रियांपैकी ५ जणींना चुकून ‘कॅन्सर’ म्हणते. म्हणजे त्या एका खऱ्या रुग्णामागे सुमारे १२५ निरोगी बायकांना धक्का, पुढच्या तपासण्या आणि कदाचित नको असलेली शस्त्रक्रिया.

तुमच्यासाठी याचा अर्थ

या वादानंतर रक्त कधी काढलं, किती वेळात गोठलं, किती वेळा गोठवून वितळवलं, याची नोंद ठेवण्याचं महत्त्व संशोधकांना नव्याने पटलं. लॅबवाल्याने ‘नमुना खराब झाला, पुन्हा द्या’ म्हटलं, तर चिडू नका. खराब नमुन्याचा छापील रिपोर्ट हातात पडण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

आणि अंडाशयाच्या कॅन्सरचं म्हणाल, तर कोणतीही लक्षणं नसलेल्या सर्वसाधारण स्त्रीने ‘खबरदारी’ म्हणून करावी अशी रक्तचाचणी आजही नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात सीए-१२५ आणि सोनोग्राफीच्या नियमित तपासणीने मृत्यू कमी झाले नाहीत, असं २०२१ साली जाहीर झालं. पोट सतत फुगलेलं वाटणं, थोडं खाल्लं तरी पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, वारंवार लघवीला जावं लागणं अशा तक्रारी नव्याने सुरू होऊन काही आठवडे टिकल्या, किंवा आई-बहिणीला अंडाशयाचा वा स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तर डॉक्टरांना भेटा. पॅकेजमधली चाचणी स्वतःहून करून घेण्याआधी त्यांना एवढंच विचारा : ही चाचणी माझ्यासारख्या स्त्रियांवर, वेगवेगळ्या ठिकाणी तपासून पाहिली आहे का?