सरहिंदहून आलेला मारेकरी

जपानी चित्रपटातला, धन्याच्या हुकमावरून परमुलखात गेलेला उदास मारेकरी पाहिला की मला नांदेड आठवते. १७०८ साली बहादुरशहाच्या छावणीबरोबर गुरू गोविंदसिंग तेथे गोदाकाठी आले. एका पठाणाने जवळीक साधून त्यांना भोसकले. गुरूंनी त्याला तिथेच कापला. बोलायला मारेकरी उरलाच नाही, म्हणून दोन कथा चालतात: कुणी घराण्याचा जुना सूड म्हणतात, कुणी सरहिंदच्या वजीरखानाकडे बोट दाखवतात. मला दुसरी पटते. गुरूंची कोवळी मुले ज्याने मारवली, त्याला गुरू-बादशहांचा सलोखा झोप कशी येऊ देईल? शिवलेला घाव पुन्हा उसवला. ७ ऑक्टोबरला गुरूंनी देह ठेवला. मात्र त्याआधी नांदेडला मठ करून राहिलेल्या माधोदास बैराग्याला त्यांनी ‘बंदा’ करून पंजाबात धाडले होते. १७१० मध्ये चप्पडचिडीच्या रणात वजीरखान पडला.