सोझा, फ्रान्सिस न्यूटन : मानवाकृतीचे चित्रण

सोझा, फ्रान्सिस न्यूटन : (१२ एप्रिल १९२४–२८ मार्च २००२). अभिव्यक्तिवादी वळणाचे प्रख्यात भारतीय चित्रकार. जन्म गोव्यातील साळगाव येथे एका कॅथलिक कुटुंबात. वडील त्यांच्या तान्हेपणीच वारले. बालपणी देवीच्या आजारातून वाचल्यावर आईने सेंट फ्रान्सिस झेव्हिअर यांच्या नावे केलेल्या नवसामुळे त्यांच्या नावात ‘फ्रान्सिस’ची भर पडली. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत ते १९४० मध्ये दाखल झाले. तथापि ‘छोडो भारत’ आंदोलनातील सहभागामुळे १९४५ मध्ये त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले. १९४७ मध्ये त्यांनी रझा, हुसेन, आरा, गाडे व बाकरे यांच्यासह ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ची स्थापना केली. यूरोप-अमेरिकेत अमूर्त चित्रकलेचा बोलबाला असतानाही त्यांनी मानवाकृती सोडली नाही. ती त्यांनी मोडली, पिळवटली, पण दृष्टीआड होऊ दिली नाही.

त्या काळच्या कलाशाळेत मानवाकृतीचे शिक्षण प्लॅस्टरच्या पुतळ्यांवरून आणि समोर बसविलेल्या व्यक्तीवरून दिले जाई. प्रमाणबद्धता, शरीररचनाशास्त्र आणि छायाप्रकाशाने साधलेला गोलवा हे या शिक्षणाचे आधार होते. भारतीय शिल्पशास्त्रातही देहाची मोजणी तालमानाने ठरलेली होती. सोझा यांनी यांपैकी कोणतेच मोजमाप स्वीकारले नाही. मात्र ते अज्ञानापोटी नव्हे. त्यांची रेषा कसलेली होती, आणि विरूपण प्रभावी ठरते ते या कसलेपणामुळेच. जर्मनीत ड्रेझ्डेन येथे १९०५ मध्ये ‘डी ब्र्यूक’ या गटाने ज्या अभिव्यक्तिवादाचा पाया घातला, त्याच्याशी मुंबईतील तरुण चित्रकारांचा परिचय मुख्यतः नाझी राजवटीच्या काळात येथे आलेल्या वॉल्टर लँगहॅमर, रूडॉल्फ फॉन लायडेन व इमॅन्युएल श्लेसिंगर या कलाजाणकारांमुळे दृढ झाला. याशिवाय लंडनच्या प्रदर्शनातून परतलेली प्राचीन भारतीय शिल्पे १९४८ मध्ये दिल्लीत मांडली गेली, ती सोझा यांनी पाहिली. मथुरा व खजुराहो येथील शिल्पांतील भरदार, निःसंकोच देह त्यांच्या स्त्री-आकृतींत पुढे दीर्घकाळ वावरत राहिला. म्हणूनच त्यांच्या शैलीला केवळ रूओ आणि पिकासो यांचा प्रतिध्वनी म्हणणे अन्यायाचे ठरते.

सोझा यांची खरी कामगिरी त्यांच्या शीर्षचित्रांत दिसते. या चित्रांत कपाळ जवळजवळ नाहीसे होते व डोळे कवटीच्या माथ्याशी जाऊन बसतात. नाक लांबट नळीसारखे खाली उतरते, दात करवतीसारखे ओळीने उघडे पडतात. गालांवर आणि मानेवर आडव्यातिडव्या रेषांची जाळी विणलेली असते. ही जाळी छायेसाठी योजलेली नसते. ती जखमेच्या टाक्यांसारखी भासते. जाड काळी बाह्यरेषा आकृतीला पार्श्वभूमीपासून तोडून काढते, चर्चच्या रंगीत काचचित्रांत शिशाच्या पट्ट्या काचांना वेगळे राखतात तशी. कपाळ हे विचाराचे व सज्जनपणाचे स्थान मानले जाते. तेच काढून टाकल्याने उरतो तो निव्वळ पाहणारा आणि चावणारा प्राणी. काही शीर्षांत डोळ्यांची संख्या दोनाहून कितीतरी अधिक आहे. या अतिरेकाचे समर्थन त्यांनी स्वतःच्या लेखनातही केले आहे. काटकसर हा गुण त्यांना कलेत मान्य नव्हता.

या भेसूरतेचे मूळ गोव्यातील चर्चमध्ये शोधावे लागते. क्रूसावरील रक्तबंबाळ देह, बाणांनी विंधलेले संत आणि जरतारी झग्यांतील धर्मगुरू यांचा बालमनावर पडलेला ठसा त्यांनी आत्मपर लेखनात नोंदविला आहे. ‘मिस्टर सेबॅस्टियन’ (१९५५) हे चित्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. यूरोपीय प्रबोधनकाळात संत सेबॅस्टियन हा हुतात्मा देखण्या, विवस्त्र तरुणाच्या रूपात रंगविला जाई. सोझा यांनी त्याला आधुनिक कोट चढविला आणि बाण मानेत व चेहऱ्यात रोवले. येथे यातना भोगणारा कोणी पवित्र पुरुष नसून नागर प्रतिष्ठित आहे, आणि प्रेक्षकाला त्याची कीव यावी की धास्ती, हे चित्र ठरवू देत नाही. लंडनच्या टेट संग्रहालयातील ‘क्रूसारोहण’ (१९५९) या चित्रातील ख्रिस्त काळपट, काटेरी व दात विचकणारा आहे. गौरवर्ण, सौम्य ख्रिस्ताच्या रूढ प्रतिमेला दिलेले हे उत्तर निंदाव्यंजक वाटले, तरी त्यामागील वेदना धार्मिकच आहे.

नग्न स्त्री हा त्यांचा दुसरा ध्यास. १९४९ मध्ये मुंबईतील प्रदर्शनात त्यांचे स्वतःचे नग्न आत्मचित्र अश्लीलतेच्या आरोपामुळे वादग्रस्त ठरले व त्याच वर्षी ते लंडनला गेले. ‘जन्म’ (१९५५) या भव्य चित्रात पहुडलेली गर्भवती स्त्री देहाच्या सर्व जडत्वासह साकारली आहे. तिच्यात प्राचीन मातृदेवतेचे बळ आहे. अन्य अनेक नग्नचित्रांत मात्र वासना आणि तिरस्कार यांची सरमिसळ इतकी उघड आहे, की विरूपण हे शोधाचे साधन न राहता शिक्षेचे हत्यार बनते. त्यांच्या प्रशंसकांनी या भेदाकडे बहुधा काणाडोळा केला.

व्हिक्टर मस्ग्रेव्ह यांच्या ‘गॅलरी वन’मध्ये १९५५ साली झालेल्या प्रदर्शनाने त्यांना लंडनमध्ये कीर्ती मिळवून दिली. १९६६ मध्ये ग्रोव्हनर गॅलरीत त्यांनी काळ्यावर काळा रंग जाडसर थापून केलेली चित्रे मांडली. त्यांतील चेहरे प्रकाशाचा कोन बदलला तरच प्रकटतात. रेषेचे काम येथे रंगाचे उंचवटे करतात. एरवी आकृती प्रेक्षकावर चालून येई. येथे प्रेक्षकालाच तिचा शोध घ्यावा लागतो. १९६७ मध्ये ते न्यूयॉर्कला स्थायिक झाले. तेथे त्यांनी छापील मासिकांच्या पृष्ठांवर रासायनिक द्रव वापरून मूळ छायाचित्रे पुसली व त्यांवर नवी रेखाटने केली. विपुल निर्मितीमुळे या काळातील कामाचा दर्जा विषम आहे. मुंबई येथे त्यांचे निधन झाले.