उपाहारगृहाची मोरी आणि चरबीचा सापळा

काचेच्या बाटलीत अर्धे पाणी घेऊन त्यात चमचाभर गोडेतेल टाकले आणि बाटली हलवून ठेवली, तर थोड्याच वेळात तेल वर येऊन तरंगू लागते. पाण्याची घनता १ धरली तर शेंगदाणा तेलाची सुमारे ०.९१ भरते. उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरातून गटाराकडे जाणाऱ्या नळावर 'ग्रीज ट्रॅप' नावाची जी पेटी बसवतात, ती याच गुणधर्मावर चालते. पेटीत शिरताच पाण्याचा वेग मंदावतो व ते निवते. चरबी वर जमते, खरकट्याचे कण तळाशी बसतात आणि मधल्या थरातले पाणी पुढे जाते. यंत्र इतके साधे असताना त्यासाठी कायदे, तपासण्या आणि दंड का लागावेत? याचे उत्तर आपल्याला इतिहासात सापडते.

एकोणिसाव्या शतकात चरबी ही फेकून देण्याची वस्तू नव्हती. तिच्यापासून साबण आणि मेणबत्त्या होत. चरबी म्हणजे मेदाम्ले आणि ग्लिसरीन यांचे संयुग होय, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. पुढे १८६७ मध्ये आल्फ्रेड नोबेल यांनी डायनामाइटचे पेटंट घेतले आणि त्यातील नायट्रोग्लिसरीनसाठी ग्लिसरीनलाही मागणी आली. कॅलिफोर्नियातील नॅथॅनियल व्हायटिंग यांनी ग्रीज ट्रॅपचे पेटंट १८८४ साली घेतले, ते अशा काळात. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराच्या भटारखान्यांतली चरबी गोळा केली जाई. १९४२ पासून अमेरिकेतील गृहिणी तळणीत उरलेली चरबी डब्यात साठवून खाटकाच्या दुकानात देत. तिच्यातील ग्लिसरीन स्फोटकांसाठी हवे होते. ज्या वस्तूला गिऱ्हाईक आहे, ती गोळा करवून घेण्यासाठी निरीक्षक नेमावा लागत नाही.

युद्धानंतर चित्र पालटले. कृत्रिम अपमार्जके, म्हणजे डिटर्जंट, बाजारात आली आणि १९५३ पर्यंत अमेरिकेत त्यांचा खप साबणापेक्षा जास्त झाला. याचे दोन परिणाम झाले. साबणासाठी लागणाऱ्या चरबीची मागणी घटली, हा पहिला. दुसरा परिणाम भौतिकीचा. बाटलीतल्या तेलपाण्यात डिटर्जंटचे दोन थेंब टाकून ती पुन्हा हलवा. आता तेल लवकर वर येत नाही, कारण त्याचे अतिसूक्ष्म थेंब झालेले असतात. स्टोक्स यांच्या १८५१ च्या नियमानुसार थेंबाचा वर येण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास निम्मा झाला की वेग चौथाईवर येतो. त्यामुळे गरम पाणी व डिटर्जंट यांनी धुतलेल्या भांड्यांची चरबी पेटीतून निसटून पुढे जाऊ लागली.

गटारात या चरबीचे काय होते? ती थंड होऊन थिजते, असे सांगितले जाई. ते अर्धेच खरे आहे. अमेरिकेतील संशोधकांनी २३ शहरांतील गटारांमधले गोळे तपासून २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. बहुतेक गोळे मेदाम्लांच्या धातुक्षारांचे होते, म्हणजे तो एक प्रकारचा कॅल्शियमचा साबणच होता. हे कॅल्शियम पाण्यातून येते, तसेच झिजणाऱ्या काँक्रीटमधूनही येऊ शकते. वर्गात साबणाच्या पाण्यात चुन्याची निवळी घाला. पांढरा चोथा दिसेल. विहिरीच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, त्यामागचे रसायनशास्त्र हेच. सप्टेंबर २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात भुयारी गटारात सापडलेला असा गोळा २५० मीटर लांब आणि सुमारे १३० टन वजनाचा होता. त्यात चरबीबरोबर ओले रुमाल व लंगोटही अडकले होते. त्याचा एक तुकडा २०१८ साली तेथील संग्रहालयात मांडला गेला.

म्हणून नियम आले. प्रारंभीचा भर पेटी बसवण्यावर होता. पण भरलेली पेटी नसल्यासारखीच असते. ४०० लिटरच्या पेटीतून मिनिटाला २० लिटर पाणी जात असेल, तर ते आत सरासरी २० मिनिटे थांबते. चौथा हिस्सा चरबी व गाळाने भरला की पाण्याला ३०० लिटरच जागा उरते आणि थांबण्याचा काळ १५ मिनिटांवर येतो. अमेरिकेतील अनेक शहरांच्या नियमांत आढळणारी '२५ टक्के' ही मर्यादा अशी समजून घेता येते: चरबी व गाळ मिळून पाण्याच्या खोलीचा चौथा हिस्सा व्यापण्याआधी पेटी उपसायची आणि त्याची नोंद ठेवायची. इंग्लंडमध्ये १९९१ च्या पाणी उद्योग कायद्याने गटाराच्या प्रवाहाला अडथळा आणणारा पदार्थ त्यात सोडणे हा गुन्हा ठरवला.

आपल्याकडे पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ यांच्या परिशिष्टात सार्वजनिक गटारात सोडायच्या सांडपाण्यातील तेल व ग्रीजची मर्यादा लिटरला २० मिलिग्रॅम अशी दिलेली आहे. एक चमचा तेल साधारण ४ ग्रॅम धरले, तर तेवढ्याने २०० लिटर पाणी या मर्यादेला पोचते. हे गणित मुलांकडून अवश्य करून घ्यावे.

मात्र गणिताशी थांबू नये. गटार तुंबले की ते कोणाला तरी मोकळे करावे लागते. साचलेल्या मैल्यात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. प्रमाण वाढले की या वायूचा वासही कळेनासा होतो आणि माणूस दगावतो. गटारात माणसाला संरक्षक साधनांशिवाय उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी केली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली आणि २०२३ मध्ये ती ३० लाख केली. ही रक्कम वाढवण्याची वेळ यावी, यातच सारे आले.

एके काळी चरबीची किंमत होती, म्हणून ती पेटीतून काढली जात असे. आता ती काढली नाही तर दुसऱ्याच कोणाला तरी किंमत मोजावी लागते. उपाहारगृहातली पेटी वेळेवर उपसली गेली, तर नळाच्या दुसऱ्या टोकाला गटारात उतरण्याचा एखादा तरी प्रसंग टळतो. नियमाचा खरा अर्थ आम्हाला तेवढाच वाटतो.