मंडळीच्या वेशीबाहेरची मंडळी

ख्रिस्ती व्यासपीठांवरून एक तक्रार वारंवार ऐकू येते. आधुनिक संस्कृतीने श्रद्धा पोखरली, तरुण उपासनेला येत नाहीत, विज्ञानाने आणि बाजाराने माणसाला देवापासून तोडले, अशी ती तक्रार. युरोपात ती खरी असेल. पण जुन्या अहमदनगर जिल्ह्यातल्या आणि मराठवाड्यातल्या खेड्यांतून जी मंडळी उभी राहिली, तिच्यापुढचा प्रश्न हाच आहे काय? इतिहासाचा एक अध्यापक म्हणून माझे उत्तर नकारार्थी आहे. आमच्या वस्त्यांत आधुनिकता प्रयोगशाळेतून आली नाही. ती पाटी-पेन्सिलीतून आली, आणि ती पाटी हाती देणाऱ्यांत मिशनरी होते. त्यामुळे इथे चर्चपुढचे खरे आव्हान नास्तिकाचे नाही. चर्चनेच ज्याला अक्षर शिकवले त्या माणसाचे ते आव्हान आहे. तो विचारतो, 'तुम्ही समता सांगितलीत. ती तुमच्या घरात कुठे आहे?'

हा प्रश्न समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागते. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत आले. १८३१ मध्ये मिशनने नगरला ठाणे केले. १८४२ मध्ये तिथूनच 'ज्ञानोदय' निघू लागले. मिस फरार यांची नगरची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांना मुलींच्या शिक्षणाची प्रेरणा मिळाली. त्याच जोतीरावांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'ने छापला. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आम्हांला धर्मपुस्तक कोणते, आमचा धर्म कोणता, असा त्या मुलीचा रोखठोक सवाल होता. मिशनऱ्यांना तो हिंदू धर्मावरचा सवाल वाटला असणार. वस्तुतः तो प्रत्येक धर्माला केलेला सवाल होता. तो छापणाऱ्यांनाही पुढे त्याचे उत्तर द्यावे लागणार होते.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर नगर भागात महार आणि मांग कुटुंबे मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाली. त्यांना 'पोटासाठी बाटलेले' म्हणून हिणवण्यात आले. हा शब्द वापरणाऱ्यांत आपलेही लोक आहेत, म्हणून स्पष्टच लिहितो. ज्याचे पोट वतनाने आणि वेठीने शतकानुशतके रिकामे ठेवले, त्याने पोटासाठी दार बदलले तर लाज कोणाला वाटायला हवी? शिवाय प्रश्न नुसत्या भाकरीचा नव्हता. मेलेले ढोर ओढायला नकार देता येणे, मुलगा शाळेत पाठवता येणे, कोणीतरी माणूस म्हणून हाक मारणे, या गोष्टी धान्याच्या पोत्यात मावत नाहीत. धर्मांतर हा त्या काळातल्या अस्पृश्याचा नकारच होता. आमच्या १९५६ च्या नकाराचा तो थोरला भाऊ होता, एवढे मान्य करायला बौद्धांनी कचरू नये.

परंतु या नकाराचा इतिहास लिहिला गेला काय? मराठी ख्रिस्ती परंपरा म्हटली की बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक ही नावे पुढे येतात. त्यांच्या थोरवीबद्दल वाद नाही. रमाबाईंनी बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यासाठी मूळ भाषा शिकून घेतल्या. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. पण ही सारी स्पृश्य समाजातून आलेली माणसे. संख्येने मंडळी महार-मांगांची, आणि स्मृती मात्र वरच्यांची, असा हा प्रकार आहे. खेड्यातल्या ज्या शाळामास्तराने महारवाड्यात पहिली बाराखडी गिरवून घेतली, त्याचे चरित्र कोणत्या पुस्तकात आहे?

डॉ. आंबेडकरांनी या दुखण्यावर नेमके बोट ठेवले होते. १९३८ च्या आरंभी सोलापूरच्या ख्रिस्ती लोकांपुढे बोलताना, हा समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध लढत नाही, असे त्यांनी सुनावले. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी लेखनखंडात धर्मांतरित अस्पृश्याच्या स्थितीवर स्वतंत्र प्रकरण आहे. दुःखाचे मूळ माणसाच्या पापात आहे असे शिकवले की समाजरचनेवरचा राग विझतो, हा त्यातला मुद्दा आजही प्रवचनांना लागू पडतो.

आता राज्यसंस्थेकडे वळू. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हिंदूखेरीज इतरांना अनुसूचित जातीच्या यादीबाहेर ठेवले. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. मद्रासमधल्या सूसाई नावाच्या चांभारकाम करणाऱ्या ख्रिस्ती माणसाला सरकारी योजनेतली टपरी नाकारली गेली. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८५ साली न्यायालयाने सांगितले की, धर्मांतरानंतरही तेवढीच तीव्र विषमता सोसावी लागते, हे सिद्ध झालेले नाही. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढण्याची शिफारस केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा नवा आयोग नेमला गेला.

या आदेशाने माणसांचे काय केले ते मी वर्गात पाहतो. एकाच आडनावाची, एकाच गावची, एकाच पणजोबाची दोन मुले माझ्यापुढे बसलेली असतात. एकाच्या हाती जातीचा दाखला, दुसऱ्याच्या हाती बाप्तिस्म्याचा. गावाला दोघेही महारवाड्यातलेच. सरकारला मात्र दोघे वेगळे. मग काही घरांत रविवारचे एक नाव आणि कचेरीतले दुसरे, असा दुहेरी संसार सुरू होतो. २०२४ च्या नोव्हेंबरात पुद्दुचेरीच्या एका बाईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचे सांगणे ही संविधानाची फसवणूक आहे, असे म्हटले. पण माणसाला श्रद्धा आणि भाकरी यांतून एकच निवडायला लावते, त्या व्यवस्थेला काय म्हणायचे?

म्हणून सरकारवर बोट रोखून चर्चला मोकळे होता येणार नाही. भारतातल्या कॅथलिक धर्मगुरूंच्या परिषदेने २०१६ मध्ये काढलेल्या धोरणपत्रातच, १ कोटी ९० लाख कॅथलिकांपैकी १ कोटी २० लाख दलित आहेत आणि चर्चमध्ये जातिभेद आहे, अशी कबुली आहे. भारतातून दलित समाजातला पहिला कार्डिनल व्हायला मात्र २०२२ साल उजाडले. तामिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या एका ख्रिस्ती दफनभूमीत दलितांच्या कबरी वेगळ्या ठेवणारी भिंत उभी राहिली. मरणानंतरही वेस आहेच! आणि २००८ मध्ये ओडिशात कंधमालला घरे जळाली, तेव्हा ज्यांना रानात पळावे लागले त्यांतही बहुसंख्य दलित आणि आदिवासीच होते. बाहेरचा मार दलिताने खायचा, आतला मानही त्यानेच सोडायचा, हा कुठला न्याय?

आशेची जागा आहे, आणि तिचे बीज मराठी मातीतले आहे. १९७२ च्या दलित पँथरने आणि दलित साहित्याने 'दलित' हा शब्द अभिमानाचा केला. १९८० च्या दशकात अरविंद निर्मळ यांनी हाच शब्द ईश्वरविद्येत नेला. भारतीय ख्रिस्ती विचार हा उच्चवर्णीय धर्मांतरितांच्या अनुभवावर आणि ब्राह्मणी तत्त्वज्ञानावर उभा आहे, असे सांगून त्यांनी दलिताच्या वेदनेला विचाराचा आरंभबिंदू मानले. हा विचार धर्मविद्येच्या महाविद्यालयांत शिकवला जातो. तो खेड्यातल्या चर्चच्या बाकापर्यंत किती पोहोचला?

तो पोहोचवायचा तर तीन गोष्टी कराव्या लागतील. धर्मप्रांतांच्या आणि संस्थांच्या निर्णयाच्या खुर्च्यांवर बहुसंख्य मंडळीची माणसे हवीत. मिशनची जुनी दफ्तरे आणि बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या संशोधक विद्यार्थ्यांना खुल्या हव्यात, म्हणजे त्या शाळामास्तराला नाव मिळेल. आणि १९५० च्या आदेशाविरुद्धचा लढा चर्चने अर्ज-विनंत्यांपुरता न ठेवता बौद्ध, मातंग, मुसलमान दलितांबरोबर रस्त्यावर लढायला हवा. आमच्या बाजूनेही, आरक्षणात वाटेकरी येईल या भीतीपोटी या भावंडांना परके म्हणणे थांबले पाहिजे. वाटा वाढवून मागता येतो. भाऊ मात्र वाढवून मिळत नाही.

मुक्ता साळवेचा प्रश्न छापायला १८५५ साली चर्चच्या पत्राने जागा दिली. आता उत्तर द्यायची पाळी चर्चची आहे.