पावाचे सामान : आंबवणाचा एक छोटा इतिहास

विरारच्या पूर्वेला चंदनसारच्या किराणा दुकानात घरी पाव करण्याचे सगळे सामान आज एका फेरीत मिळते. अर्धा किलो मैदा, सात ग्रॅम कोरडे यीस्ट, दोन लहान चमचे मीठ, चिमूटभर साखर आणि थोडे लोणी. यात तीनशे मिलिलिटर पाणी घातले की एका घराला पुरेल एवढी लादी होते. हे सामान कोणाच्या घरी चालले आहे, असे दुकानदार विचारत नाही. घेणाऱ्यालाही त्यात विचार करण्यासारखे काही वाटत नाही. आम्ही भाषेचे शिक्षक असल्यामुळे मात्र ही यादी लिहिताना 'पाव' या शब्दापाशी दर वेळी थबकतो.

पायांनी कणीक तुडवतात म्हणून पाव, अशी व्युत्पत्ती अजूनही ऐकू येते. वस्तुतः हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तहाने वसई त्यांना दिली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेईपर्यंत, म्हणजे दोन शतकांहून अधिक काळ, हा मुलूख त्यांच्या अमलाखाली होता. मराठीत बटाटा, काजू, चावी, पगार हे शब्दही पोर्तुगीजांकडूनच आले. या शब्दांमागोमाग त्या वस्तूही आपल्या घरात शिरल्या. बटाटा तर उपवासालाही चालू लागला. पाव मात्र कित्येक पिढ्या उंबरठ्याबाहेर थांबला. असे का व्हावे?

याचे उत्तर शोधायचे तर सामानाच्या यादीतील एकेक जिन्नस तपासायला हवा. पहिला गहू. उत्तर कोकण हा भाताचा मुलूख, त्यामुळे गहू बाहेरून आणावा लागे. चर्चला मिस्सेच्या भाकरीसाठी गहूच लागतो, तिथे तांदूळ चालत नाही. तरी गव्हाला कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नव्हते. आपल्या सणावारांच्या पुरणपोळीलाही तोच लागतो. दुसरे मीठ. वसईच्या खाडीकाठी मिठागरे होती. तिथले मीठ सर्वांच्याच स्वयंपाकात पडत होते. उरले आंबवण.

युरोपात पावाच्या पिठाला बिअरवरचा फेस किंवा आदल्या दिवशीचे राखून ठेवलेले पीठ लावीत. आपल्या किनाऱ्यावर बिअर नव्हती, पण माड आणि ताड होते. पहाटे उतरवलेला गोड रस उन्हे चढेपर्यंत आपोआप आंबू लागतो. त्यातील सूक्ष्म किण्वे पीठ फुगवायला पुरेशी होतात. गोव्याच्या पोदेरांनी माडाच्या सुरेवर पाव फुगवला. वसईच्या ख्रिस्ती घरांत सणासुदीला होणाऱ्या फुग्यांचे पीठही ताडीवर आंबवीत. झाडावर चढून हा रस काढणारे पुष्कळदा भंडारी असत. म्हणजे ज्याला आपण परक्यांचे अन्न म्हणून दूर ठेवले, त्याला फुगवणारा रस आपल्याच वाडीतला आणि तो उतरवणारा माणूसही आपल्याच गावचा होता.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. आंबवण्याचे मराठी घराला कधीच वावडे नव्हते. आंबोळी, अनरसे, जिलबी हे सगळे आंबवलेल्या पिठाचेच प्रकार. विरजण तर शेजारून मागून आणण्याचीच वस्तू. मग पावात नेमके काय बाटवणारे होते? ना गहू, ना मीठ, ना आंबवण. बाटवणारा होता तो पीठ मळणारा आणि भट्टीत भाजणारा हात. विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याची कथा या किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या सांगितली गेली. ती घटनेपेक्षा मनोवृत्तीचा दाखला म्हणून वाचावी. पाण्यात पडलेला एक तुकडा सगळ्या गावाचा धर्म बदलू शकतो, यावर टाकणाऱ्यापेक्षा पाणी पिणाऱ्यांचाच विश्वास अधिक असल्याशिवाय अशी कथा टिकत नाही.

या विश्वासाचा उलटा वापर परमहंस सभेने केला. १८४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या या गुप्त सभेच्या प्रेरकांत दादोबा पांडुरंग होते. १८३६ साली 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' लिहिणारे तेच हे दादोबा. सभेत येणाऱ्याला ख्रिस्ती भट्टीतल्या पावाचा तुकडा खावा लागे. जातिभेद मोडल्याची ती खूण होती. मात्र तो तुकडा दाराआड खाल्ला जाई. १८६० साली सभासदांची यादी चोरीला गेली आणि सभा मोडली. पुढे १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांचा प्रसंग घडला. तेव्हा टिळक-रानड्यांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादात सापडावे लागले. व्याकरण लिहिणारी, वृत्तपत्र चालवणारी, न्यायदान करणारी माणसे आणि त्यांच्यासमोर भट्टीतला एक जिन्नस, असे हे चित्र आहे.

तो हात यादीतून पुसला गेला, त्याला सुधारकांच्या प्रयत्नांइतकीच आणखी दोन गोष्टींची मदत झाली. पाश्चरने १८५७ पासून आंबण्यामागे सजीव सूक्ष्मजीव असतात हे दाखवून दिले आणि त्यानंतर यीस्ट कारखान्यात वाढवता येऊ लागले. दुसरीकडे १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी-माडीवर सरकारची पकड घट्ट केली, तर १९४९ च्या दारूबंदी कायद्याने घरगुती पिठासाठी तांब्याभर ताडी मिळणेही अवघड केले. वाडीतल्या रसाची जागा हळूहळू पाकिटाने घेतली. पाकिटाला जात नाही आणि ते कोणी भरले हे कळत नाही, म्हणून ते कोणालाच बाटवीत नाही.

हा लाभ लहान नाही, हे आम्ही प्रथमच मान्य करतो. पाव निमूटपणे विकत घेता येणे, हे ज्यासाठी कोणाला दाराआड शपथ घ्यावी लागली त्याचेच फळ आहे. तथापि मार्च २०२० च्या टाळेबंदीत दुकानातले यीस्ट संपले, तेव्हा या लाभाची दुसरी बाजू आम्हांला दिसली. आमच्यापैकी एकाने कणीक आणि पाणी कालवून आठवडाभर आंबवण जोपासले. टाळेबंदी सैल झाल्यावर त्यातले वाटीभर शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाला दिले. त्यांच्या आजींनी ते हुंगून पाहिले आणि आपल्या लहानपणी ताडी कोण आणून देई, फुग्यांचे पीठ रात्री कुठे झाकून ठेवीत, हे सांगितले. पंधरा वर्षांच्या शेजारात तो विषय प्रथमच निघाला होता.

पाकिटाने आपल्यातला विटाळ संपवला, पण विटाळ मानणाऱ्यांना आणि ज्यांचा मानला गेला त्यांना एकमेकांशी बोलायला लावले नाही. चंदनसारला आज यीस्ट पुन्हा हवे तेवढे मिळते आणि आम्ही ते घेतोही. मात्र सामानाची यादी करताना आता एक वाटी शेजारसाठी राखून ठेवतो.