हलणारी भिंत

"मामू, ये दीवार हिलती है." संगणकावर माइनक्राफ्ट खेळताना माझा भाचा म्हणाला. घरातल्या सगळ्यांचे उत्तर एकच: जास्त खेळतोस, म्हणून डोके दुखते. मीही तेच म्हणालो.

मग मी भिंत नीट पाहिली. २०११ साली पूर्ण स्वरूपात आलेल्या या खेळात ठोकळ्याच्या प्रत्येक बाजूवर सोळा बाय सोळा ठिपक्यांचे छोटे चित्र असते. विटांची भिंत कितीही लांब बांधा, तेच चित्र, त्याच गडद रेघा. आमच्या नळदुर्गच्या तटाकडे तासभर पाहिले तरी असे होत नाही. तिथला एक दगड दुसऱ्यासारखा नाही.

ब्रिटिश संशोधक अर्नोल्ड विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी १९८४ सालीच दाखवले होते की ठरावीक जाडीचे, काळेपांढरे, समांतर पट्टे अनेकांना त्रास देतात. ते हलल्यासारखे वाटतात, रंग दिसतात. वारंवार डोके दुखणाऱ्यांना जास्त. छापील ओळीही पट्टेच, हेही त्यांनी मांडले. हे वाचून मी थबकलो. काही वर्षांपूर्वी वर्गातली एक मुलगी "सर, ओळी हलतात" म्हणायची. मी तिला बहाणे करू नकोस म्हणून बसवले होते.

बुखारी शरीफमध्ये हजरत आयेशा (रजि.) यांची रिवायत आहे. प्रेषितांनी (सल्ल.) नक्षीदार चादर पांघरून नमाज पढली, नजर नक्षीकडे गेली. नमाजनंतर ती चादर अबू जहम यांच्याकडे पाठवून त्यांची साधी चादर मागवली. ही गोष्ट लक्ष विचलित होण्याची आहे, डोकेदुखीची नाही, हे खरे. पण बदलले ते कापड.

खेळातही तसेच करता येते. खेळाडू पूर्वीपासून स्वतःची चित्रे घालत आले आहेत. कंपनीनेही २०१९ च्या १.१४ आवृत्तीत बरीच चित्रे नव्याने काढली. नेदररॅक नावाच्या लाल दगडाचा खरखरीतपणा त्यात बराच कमी झाला.

आम्ही दोघांनी विटेचे चित्र उघडले. रेघांचा गडदपणा विटेच्या रंगाजवळ आणला, मग थोड्या वेगळ्या अशा चार विटा काढून आलटूनपालटून येतील अशा बसवल्या. एक रविवार गेला. भिंत फिकी, जराशी ओबडधोबड दिसते. भाच्याला ती आवडत नाही, पण तो आता तिच्याकडे बघू शकतो.

त्या मुलीचे लग्न झाले, असे ऐकले. वर्गात मी आता जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या ठेवतो; वाचायची ओळ उघडी, बाकीच्या झाकलेल्या. कोण घेतो, हे मी विचारत नाही.