कमी खर्चात कामाचे कपडे: महाड-पोलादपूरचा हिशेब

पहिला पगार महिनाभर लांब असतो. कपडे मात्र पहिल्याच दिवशी लागतात. महाड एमआयडीसीतल्या ऑफिसात किंवा पोलादपुरातल्या पतपेढीत रुजू होणाऱ्याला दोन गडद पँट आणि तीन फिके शर्ट पुरतात. मुलींना दोन सलवारी, तीन-चार साधे कुर्ते. नवे घेण्याआधी मोठ्या भावाचा शर्ट शिंप्याकडून मापात करून घ्यावा. खांद्यावरून उतरणारा महागडा शर्टसुद्धा उसना वाटतो.

इथला खरा प्रश्न पावसाचा. जून ते सप्टेंबर जाड सुती कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही, म्हणून ऑफिससाठी सूत-पॉलिस्टर मिश्र कापड बरे. केमिकल प्लांटमध्ये मात्र उलट. पॉलिस्टर आगीत वितळून कातडीला चिकटते, शिवाय त्यात स्थिर वीज साठते. तिथे सुतीच घालावे आणि गणवेश, सेफ्टी शूज कंपनी देते का, हे खरेदीआधीच विचारावे. ऑफिसचे बूट पिशवीत, वाटेत प्लास्टिकच्या चपला.

कपड्यावरून माणूस जोखला जातो, हे महाडला जुनेच ठाऊक आहे. डिसेंबर १९२७ मध्ये सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथेच दलित स्त्रियांना लुगडे नेसण्याची जात दाखवणारी पद्धत आणि तसलेच दागिने सोडायला सांगितले. कपडा फाटका असला तरी स्वच्छ हवा, हाही त्यांचा आग्रह होता.

घरी इस्त्री नसली तरी अडत नाही. ओला शर्ट झटकून हँगरवर वाळवायचा, मग घडी घालून रात्रभर गादीखाली ठेवायचा.